दोन वाव पाणी

१

पेटीत एकेचाळीस वस्तू होत्या. कोर्टाचे कागद सत्तावीस, त्यांतले सहा छापील आणि एकवीस हाताने लिहिलेले. पत्रं आठ. फोटो तीन, एकाची काच तडकलेली. मोडी अक्षरातली एक वही. त्या वहीची इंग्रजी प्रत एक. आणि टोकाला शिशाचा गोळा बांधलेली, पाण्याची खोली मोजायची दोरी एक.

शनिवारी मी हे सगळं मोजलं आणि यादीवर सही केली. पुढच्या शनिवारी पुन्हा मोजलं तेव्हा बेचाळीस भरलं.

तीनदा मोजलं. चोरी झाली तर वस्तू कमी होते. एक वाढली तर त्याला काय म्हणायचं, हे संग्रहालयाच्या नियमांत कुठेच नव्हतं.

वाढलेली वस्तू दोरीच्या वेटोळ्याखाली होती. दुमडलेला एक कागद, तपकिरी पडलेला, आणि ओला. खोलीतला एसी आठवडाभर बंद होता, आर्द्रता ब्याऐंशी टक्के. डार्विनमध्ये पावसाआधीच्या या दिवसांत भिंतीसुद्धा घामेजतात. पण पेटीतले बाकीचे कागद फक्त मऊ पडले होते. हा ओला होता. त्याला टेकलेली दोरीही ओली होती, जणू कोणी ती नुकतीच पाण्यातून वर ओढून घेतली होती. मी ती हुंगली. खारा वास आला. ती दोरी शंभराहून जास्त वर्षांत समुद्राजवळ गेलेली नव्हती.

मी मिताली. मेलबर्नच्या युनीत समुद्राचं भौतिकशास्त्र शिकले आणि दीड वर्षापूर्वी इथे भरती-ओहोटी मोजणाऱ्या एका ऑफिसात लागले. शनिवारी बंदरावरच्या या छोट्या संग्रहालयात फुकट काम करते. ते चालवणारी रॉबिन साठीची आहे आणि कशालाही ‘नो वरीज’ म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

“मोडी आहे,” ती कागद न उचलता म्हणाली. “खाली सही असावी. तीच सही वहीच्या पहिल्या पानावर आहे.”

“भिकाजी तांडेल?”

“आणि गुरुवारी दुपारी बाराला किनाऱ्यावरच्या फलकाचा मजकूर छापायला जातोय.” तिने मसुदा माझ्यापुढे सरकवला. मेलेल्या नऊ खलाशांची नावं, आणि शेवटी एक वाक्य: पहारेकरी भिकाजी तांडेल याच्या खोट्या नोंदीमुळे खटला फेटाळला गेला.

“हा कागद खरा असेल, तर हे वाक्य काढायला हवं,” रॉबिन म्हणाली. “खोटा असेल, तर वाक्य राहील आणि आपल्यातल्या कोणाला तरी या दारातून पुन्हा आत घेता येणार नाही.”

आठवड्यात पेटी तिघांनी उघडली होती. नोंदवहीत तिघांच्या सह्या होत्या. तिघंही मराठी होते. तिघांनाही मी ओळखत होते.

२

पहिली सही चारुताची. ती मूळची नागपूरची, माझ्याच इमारतीत राहते आणि याच खटल्यावर पीएचडी करते. रविवारी सकाळी रॉबिनसमोर तिने कागद वाचला. एसी दुरुस्त झाला होता, तरी तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

“खटला तुला नीट माहीत आहे का?” तिने विचारलं.

“फलकापुरता.”

“मग ऐक. १८८८. हे बंदर तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीकडे होतं. एका जहाज कंपनीने कोळसा साठवायला एक जुनं, डोलकाठ्या काढलेलं जहाज इथे कायमचं बांधून ठेवलं होतं. नऊ कोकणी खलाशांनी काम नाकारलं. मुकादमाने त्यांना जहाजाच्या पोटात कोंडलं आणि झाकणाला बाहेरून कडी घातली. सकाळी जहाज एका कुशीवर कललेलं. आत पाणी. नऊही गेले. वसाहतीने मुकादमावर आणि कंपनीवर खटला भरला.”

“आणि कंपनीने गुन्हा नाकारला.”

“नाही. तीच तर गंमत आहे. कंपनी म्हणाली, तुमच्या कोर्टाला विचारायचा अधिकारच नाही. जहाज कायम तरंगतं, म्हणजे ते समुद्रावर आहे. वसाहतीची हद्द जमिनीपुरती. न्यायाधीश म्हणाले, ठीक. सगळ्यात मोठ्या ओहोटीला ते जहाज तळाला टेकत असेल तर ते आमच्या जमिनीवर आहे, खटला चालेल. टेकत नसेल तर चालणार नाही. जहाजाला तरंगायला दीड वाव पाणी लागायचं. म्हणजे नऊ फूट.”

“मग कोणी जाऊन बघितलं का नाही?”

“कोर्ट ॲडलेडला होतं. तीन हजार किलोमीटर. नकाशावर त्या जागी आकडा नव्हता. रोज तो किनारा बघणाऱ्या, इथल्या मूळच्या लॅराकिया लोकांना कोणी विचारलं नाही. उरला एक माणूस, भिकाजी तांडेल. तो रोज जहाजाच्या मागच्या लोखंडी खांबापाशी दोरी सोडून पाणी मोजायचा. कंपनीने त्याला खटल्याआधीच बोटीवर घालून कोकणात परत पाठवलं आणि कोर्टात त्याची वही आणली. मुंबईच्या एका दुभाष्याने प्रत केली. मोठ्या भरतीला चार वाव पाणी. मोठ्या ओहोटीला दोन. दोन म्हणजे बारा फूट. जहाज तरंगतंय. खटला संपला.”

“म्हणजे तांडेल विकला गेला.”

“माझं चौथं प्रकरण त्यावरच आहे. मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी, दुसरं काय.” ती कागदावर वाकली आणि अडखळत वाचू लागली. “‘पौष शुद्ध १५. सव्वाअकरास भरती पूर्ण. सायंकाळी साडेपाचास सुकती. गलबत खडकावर टेकले. पाणी पाव वाव. भिकाजी तांडेल.’ सुकती म्हणजे ओहोटी, कोकणातला शब्द. तारीख त्या रात्रीचीच आहे. जानेवारीतली पौर्णिमा.”

दोरी टेबलावर पडली होती. तिच्यातून एक थेंब सुटला आणि लाकडावर पसरला.

“एक विचित्र आहे,” चारुता हळू म्हणाली. “इथे ‘पाव’ अक्षरात लिहिलंय. वहीत तो खोली अक्षरात कुठेच लिहीत नाही.”

“तू वहीतले आकडे मोडीतून वाचलेस?”

“मजकूर वाचला. आकडे प्रतीतून घेतले. कोर्टाने शिक्का मारलेली प्रत आहे ती, मिताली. कोण पुन्हा मोजत बसतं?”

३

दुसरी सही श्रीनिवासची. तो गॅस प्लांटवर इंजिनियर आहे, डोंबिवलीचा, आणि इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. दिवाळीच्या कार्यक्रमात या खटल्याचं प्रदर्शन लावायचं म्हणून मंगळवारी तो पेटीचे फोटो काढून गेला होता.

“या, आमटीवाल्या बाई,” दार उघडताच तो म्हणाला. “आज काय आणलंस? अरबी समुद्र की तिमोरचा?”

गणपतीत चाळीस माणसांची आमटी माझ्याकडे होती. मंडळातल्या शोभाकाकूंच्या जुन्या वहीतून कृती उतरवून घेतली होती, तरीही ती कोणाला तोंडात धरवली नव्हती. दीड महिना झाला तरी हा माणूस ते विसरत नव्हता.

“दोन वाट्या मीठ, मेट,” तो म्हणाला. “लोकांनी बीपीची गोळी घेऊन प्रसाद घेतला.”

“तू पेटीत काही ठेवलंस का?”

“सरळ विचारतेस. बरं. नाही. मला मोडी वाचता येत नाही, लिहिणं लांबच. ट्विस्ट मिळाला असता तर मला आवडलं असतं, हे खरं. पण मी काय बघितलं ते सांगू?” त्याने फोन पुढे केला. मंगळवारचा फोटो. दोरीचं वेटोळं कोरडं, पांढरट. “हे मंगळवारी दुपारी. म्हणजे तुझं भूत मंगळवारनंतर आलं.”

पेटी मंगळवारनंतर एकदाच उघडली होती. गुरुवारी. तिसरी सही डॉक्टर दत्तप्रसाद यांची.

दत्तप्रसादकाका अठ्ठ्याहत्तरचे आहेत. इथल्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं सर्जन होते. फलकासाठी मराठी मजकूर तेच लिहीत होते. मी गेले तेव्हा पंखा फिरत होता आणि त्यांच्या पत्नी शोभाकाकू कैऱ्या चिरत होत्या.

“बस. यांना उठवते. सकाळपासून अक्षर गिरवतायत शाळेतल्या पोरासारखे,” काकू म्हणाल्या. “वर्ष झालं, हा नाद लागलाय. बोरू हवा म्हणे. पेनाने रामनाम उमटत नाही वाटतं.”

“काकू, माझ्या आमटीचं अजून ऐकवतात लोक.”

“मग? एवढं मीठ कोणी सांगितलं होतं तुला?”

“वहीत होतं.”

“माझ्या आईच्या वहीत? शक्यच नाही,” काकू म्हणाल्या. तेवढ्यात काका बाहेर आले आणि तो विषय तिथेच राहिला.

काकांनी कागदाबद्दल शांतपणे ऐकलं. गुरुवारी त्यांनी वही पाहिली होती, बाकी काही नाही. मग ते स्वतःहून देवगडबद्दल बोलू लागले. “आमच्याकडे घड्याळ नव्हतं. तिथी विचारायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी, तर आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती. पोरंसोरंसुद्धा सांगायची.”

“इथे कधी बोटीने गेलात का काका?”

“एकतीस वर्षं झाली इथे. समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून.” ते हसले नाहीत. “आमच्या आईच्या घरात पाण्यावर पाऊल टाकत नाहीत. जुनी शपथ आहे.”

“कसली?”

“जुनी,” ते म्हणाले आणि आत गेले. जाताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर टेकला. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काळा डाग होता.

४

बोटावरचा डाग पुरावा नसतो. मोजलेली गोष्ट पुरावा असते.

सोमवारी रॉबिनच्या परवानगीने मी शुद्ध पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा कागदाच्या कोपऱ्यावर टेकवला, दुसरा वहीच्या पानावर आणि तिसरा दोरीच्या कोरड्या टोकावर. तिन्ही बोळ्यांतला क्षार ऑफिसातल्या यंत्राने मोजला. वही जवळपास स्वच्छ होती. दोरीत थोडं मीठ होतं, जुन्या दोरीत असावं तेवढं. कागदात वहीच्या दोनशे दहापट होतं. तो समुद्राच्या पाण्यात मुद्दाम भिजवून वाळवला होता. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. एसी बंद पडला, कागदाने पाणी ओढलं आणि दोरीला दिलं. पेटीत समुद्र कोणी आणला नव्हता. तो हवेतूनच आला होता.

हे कळल्यावर खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण रिकाम्या खोलीत मी त्या दोरीकडे पाठ करून उभी राहू शकले नाही.

मीठ एवढंच सांगत होतं की कागद कोणीतरी जुना दाखवला आहे. कोणी, ते सांगत नव्हतं. म्हणून मी चंद्राला विचारलं. समुद्राची भरती कोणत्याही जुन्या तारखेसाठी मागे जाऊन काढता येते, ग्रहण काढतात तशी. ऑफिसातल्या प्रोग्रॅममध्ये मी १८८८च्या जानेवारीतली ती पौर्णिमा घातली.

उत्तर आलं: भरती सकाळी सहा-सातच्या दरम्यान. तळाची ओहोटी दुपारी साडेबाराच्या सुमारास.

कागदावर सव्वाअकराला भरती पूर्ण होती. त्या वेळी या बंदरातलं पाणी जवळजवळ तळाला गेलं होतं. इथे आठवडाभर राहिलेला माणूसही ही चूक करणार नाही. चारुताला फोन करून वहीतली त्याच दिवसाची ओळ वाचायला सांगितली.

“‘सूर्योदयी भरती. माध्यान्ही सुकती,’” ती म्हणाली. “अगं, हे तर बरोबर उलटं आहे. आणि वहीत घड्याळाची वेळ कुठेच नाही.”

तांडेलाने पाणी पाहून लिहिलं होतं. कागद लिहिणाऱ्याने हिशोब करून लिहिलं होतं. कोणता हिशोब? पंधरा तिथी. पंधराची पाऊणपट.

सव्वाअकरा.

तो नियम देवगडला बरोबर उतरतो. इथला समुद्र वेगळा आहे, इथे पौर्णिमेच्या दुपारी पाणी सहा-सात मीटर खाली जातं. पण एकतीस वर्षं समुद्र काचेतून पाहणाऱ्याला ते कसं कळणार?

५

मंगळवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा काका व्हरांड्यात बसले होते. मी सव्वाअकरा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

“इथला समुद्र वेगळा चालतो?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“जवळजवळ पाच तासांनी, काका.”

“आणि मला वाटलं अक्षराने पकडला जाईन.” त्यांनी हात मांडीवर ठेवले. “भिकाजी माझ्या आईचे आजोबा, आमचे आबा. आई लहान असताना विहिरीवर गेली की पोरं विचारायची, पाणी किती गं? आणि सगळी मिळून ओरडायची, दोन वाव. आमच्या घराण्याचं नावच ते. दोन वाववाले. त्या नऊ जणांची घरं आमच्याच वाडीत होती. आबांनी पुन्हा होडीवर पाय ठेवला नाही. मरेपर्यंत म्हणायचे, मी खरं लिहिलं. कोणी विश्वास ठेवला नाही. आईनेसुद्धा नाही. जाताना मला म्हणाली, दत्ता, ते खोटं बोलले असतील तर असोत, पण एकदा बघून ये.”

“म्हणून तुम्ही इथली नोकरी घेतलीत.”

“जाहिरातीत गावाचं नाव वाचलं. आलो. वही सापडायला पुढे पंचवीस वर्षं गेली. इंग्रजी प्रत उघडली. दोन वाव. तेच. मूळ वहीतले आकडे मग बघवलेच नाहीत. गेल्या वर्षी तो फलकाचा मसुदा आला. दगडात कोरायचं, लोखंडात ओतायचं. नातवंडं वाचणार.” त्यांचा आवाज सरळच होता. “आता रॉबिनला सांगशील.”

“सांगावं लागेल. तुम्ही सोबत असाल तर बरं.”

“आणि ते वाक्य राहील.”

“हो.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या काहीच विचारत नव्हत्या. त्या आत गेल्या, एक पिवळी वही घेऊन आल्या आणि ती माझ्या मांडीवर जरा जोरात ठेवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून माणूस जे बोलतो ते बोलल्या.

“दाखव. माझ्या आईने दोन वाट्या मीठ कुठे लिहिलंय ते दाखव.”

मी पान काढलं. चाळीस माणसांची आमटी. डाळ ३ शेर. मीठ ॥ वाटी.

“हे काय. दोन.”

“हे दोन?” काकू म्हणाल्या. “अगं, दोनचा आकडा असा असतो का? हे दंड आहेत. एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. अर्धी वाटी मीठ, बाई. आमच्या लहानपणी किराणावालासुद्धा असंच लिहायचा.”

पंखा फिरत होता. काकांनी खुर्चीचा हात धरला होता.

मी फोन काढला. श्रीनिवासने पाठवलेले वहीचे फोटो त्यात होते. मोडी मला येत नाही, पण शेवटचा रकाना खोलीचा आहे, हे माहीत होतं. चारुताने सांगितलेली पौर्णिमेची ओळ शोधली. भरतीपुढे ४॥. सुकतीपुढे एकही आकडा नाही. फक्त दोन उभे दंड.

“प्रतीत एकही अपूर्णांक नाही,” मी म्हणाले. “वर्षभराची मोजणी, आणि सगळे पूर्ण आकडे. हे मला आधीच खटकायला हवं होतं. दुभाष्याने चारापुढचे दंड विरामचिन्ह समजून सोडून दिले. आणि जिथे नुसतेच दंड होते तिथे ते मोजले. एक, दोन.”

“पण हे वाचणं झालं,” काका अगदी हळू म्हणाले. “आम्ही वाचलं म्हणून.”

“नाही. हे बघा. प्रतीप्रमाणे भरती चार, ओहोटी दोन. फरक दोन वाव, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडा वर. इथल्या मोठ्या पौर्णिमेला एवढं कमी पाणी हलतच नाही. दंडाप्रमाणे भरती साडेचार, ओहोटी अर्धा. फरक चार वाव. सात मीटर तीस.”

“आणि इथे किती हलतं?”

“सात. सव्वासात.”

काकू खाली बसल्या. “म्हणजे आबांनी…”

“अर्धा वाव लिहिलं होतं,” काका म्हणाले. “तीन फूट. जहाजाला नऊ लागत होते.” मग बोटावरच्या डागाकडे पाहत म्हणाले, “आणि मी त्यांच्या सहीखाली खोटं लिहिलं.”

६

बुधवारी सकाळी काकांनी रॉबिनला स्वतः सांगितलं. तिने त्यांच्याकडची संग्रहालयाची किल्ली परत घेतली. मग चारुताकडे पाहिलं.

“तुझं काय मत?”

“दंडांचा हा अर्थ मला पटतो,” चारुता म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, ती रात्रभर आकडे पुन्हा वाचत बसली होती. “पण कोर्टाने मानलेल्या प्रतीविरुद्ध माझं मत पुरेसं नाही. उद्या कोणी म्हणेल, एका खोट्या कागदानंतर यांनी दुसरा अर्थ काढला. आणि त्याला तसं म्हणायचा हक्क असेल.”

“मग मोजू,” मी म्हणाले. “आज पौर्णिमेनंतरची मोठी सुकती आहे. दुपारी बारा बावन्न. गणिताने त्या दिवसाची आणि आजची पातळी एका सेंटिमीटरच्या आत आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, तळ खडक. म्हणजे गाळाने जागा भरलेली नसावी. जहाजाचा सांगाडा आणि त्यामागचा लोखंडी खांब अजून तिथेच आहेत. तेव्हापासून समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर चढलाय, तेवढे वजा करायचे.”

निघण्याआधी रॉबिनने कागदावर दोन आकडे लिहिले आणि आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. दोन वाव: ३.६६ मीटर. अर्धा वाव: ०.९१ मीटर. जो आकडा जवळ येईल, फलकावर तो जाईल.

रॉबिनच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या होडीत आम्ही तिघी बसलो. काका धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. पाण्याकडे पाहिलं, मग चप्पल काढली आणि अनवाणी होडीत पाय ठेवला.

पाणी खाली जात होतं ते दिसत नव्हतं, फक्त किनारा लांब होत होता. तिवरांची मुळं उघडी पडली. मग चिखल, करडा, चकाकणारा, त्यावर मगरीच्या शेपटीची एक लांब रेघ. वारा पूर्ण पडला होता. पुढे पाण्यातून काळी टोकं वर येऊ लागली. आधी दोन, मग पाच, मग एका ओळीत सगळ्या, जहाजाच्या बरगड्या. त्यांच्या मागे गंजलेला खांब. रॉबिनने इंजिन बंद केलं आणि खांबाला दोरी टाकली.

बारा पन्नासला पाणी थांबलं. तेव्हा होडीच्या खालून आवाज आला. ठक. पोकळ लाकडावर हाताने मारल्यासारखा.

“सुटलेली फळी आहे,” रॉबिन म्हणाली. “पाणी फिरताना वाजते. नेहमीच.”

पुन्हा आला. चारुताने माझा दंड धरला. काकांचे ओठ हलत होते. मी मोजत होते, कारण मला दुसरं काही येत नाही. आवाज नऊ वेळा आला आणि थांबला.

“काका, पट्टी तुम्ही धरा,” मी म्हणाले.

त्यांनी मोजपट्टी दोन्ही हातांनी धरली आणि खांबाला लावून सरळ खाली सोडली. ती टेकली तो आवाज खडकाचा होता. मी वाकून पाण्याची रेघ वाचली. बारा बावन्न, बारा त्रेपन्न आणि बारा चोपन्न, असं तीनदा वाचलं. चारुताने तिन्ही वेळा आकडा लिहिला. रॉबिनने वाचून पाहिला.

१.१२. १.१२. १.१३.

सरासरी १.१२ मीटर. वजा ०.२०.

०.९२ मीटर.